छोटा लोडर कसा पारखावा?

आपल्याकडे माती उचलणारे कोणतेही पिवळे यंत्र रस्त्यावर दिसले की त्यास ‘जेसीबी’ म्हणावयाची रीत पडून गेली आहे. वास्तविक ही एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे होत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडात हा कारखाना काढला आणि १९७९ मध्ये भारतीय भागीदारीत हरियाणातील बल्लभगड येथे त्याचे काम सुरू झाले. पुढे मोठी बकेट व मागे खोदाईचा हात असे जे यंत्र आपण नेहमी पाहतो, ते बॅकहो लोडर. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून पुष्कळ लहान यंत्र आहे. चार चाके, मध्ये लोखंडी पिंजऱ्यात बसलेला चालक, त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन हात, हातांच्या टोकाला बकेट. आणि सारे यंत्र जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरणारे. पुस्तकात त्याचे नाव ‘स्किड स्टिअर लोडर’. कामगार त्याला ‘बॉबकॅट’ म्हणतात. तेही पुन्हा एका कंपनीचेच नाव. आपण या लेखात त्याला नुसते छोटा लोडर म्हणू.

हा विषय महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. उद्यमबागेतील फौंड्रीत वापरलेली वाळू हलविणे, कोंबड्यांच्या शेडमधील खत काढणे, साखर कारखान्याच्या आवारात बगॅस लोटणे, जुन्या गल्ल्यांतून गाळ उचलणे, अशा कामांना हे यंत्र सोयीचे आहे. ते घेणारा पुष्कळदा चार-पाच वर्षांपूर्वी आपल्याच बाकावर बसलेला विद्यार्थी असतो, किंवा आज बाकावर असलेल्या विद्यार्थ्याचे वडील. जमीन तारण ठेवून, बँकेचा हप्ता बांधून घेतलेली ही वस्तू असते. घेताना तीन प्रश्न हमखास विचारले जातात : अश्वशक्ती किती, किंमत किती, हप्ता किती. यंत्राची बांधणी कशी आहे आणि ते बंद पडल्यावर कोण व किती दिवसांनी येणार, हे दोन प्रश्न बहुधा राहून जातात. हप्ता मात्र यंत्र बंद असले तरी भरावाच लागतो.

या यंत्राचा जन्म एका शेतकऱ्याच्या अडचणीतून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचे लहान गाव आहे. तेथे लुई व सिरिल केलर या भावांचा वेल्डिंगचा व दुरुस्तीचा छोटा कारखाना होता. त्या भागातील एडी व्हेलो या शेतकऱ्याने टर्की पाळल्या होत्या. त्याची शेड दुमजली, आत खांबांची गर्दी; वरच्या मजल्यावर जड ट्रॅक्टर नेता येईना आणि नेला तरी खांबांमधून वळविता येईना. त्याच्यासाठी केलर बंधूंनी १९५७ च्या फेब्रुवारीत एक हलका तीनचाकी लोडर बनवून दिला. पुढे दोन चाके, मागे खुर्चीला असते तसे कोठेही वळणारे एक चाक. आता यातील आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की, केलरांच्या नात्यातील एक गृहस्थ नॉर्थ डकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीचे डीलर होते. त्यांनी हे यंत्र पाहिले व कंपनीच्या कानावर घातले. १९५८ मध्ये ते मिनेसोटाच्या राज्य जत्रेत मांडले गेले; १९६० मध्ये मागचे वळते चाक जाऊन चार चाकांचा ‘एम-४००’ आला; १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव लागले. म्हणजे गावातील कारागीर आणि त्याचे यंत्र जगापुढे नेणारा डीलर ही जोडी या यंत्राच्या इतिहासात अगदी आरंभापासून आहे.

आता हे यंत्र वळते कसे ते पाहू, कारण बांधणीची सारी परीक्षा येथूनच निघते. मोटारगाडीची पुढची चाके तिरपी होतात. या लोडरची कोणतीच चाके तिरपी होत नाहीत. डावीकडील दोन चाके एका साखळीने एका हायड्रॉलिक मोटरला जोडलेली, उजवीकडील दोन दुसरीला. एक बाजू पुढे व दुसरी मागे फिरविली की यंत्र जागच्या जागी वळते. पण वळताना चाके गडगडत नाहीत, ती जमिनीवर आडवी घासत जातात. अडीच टनांच्या आसपास वजनाचे यंत्र काँक्रीटवर असे घासते तेव्हा ते आडवे बल टायरमधून अॅक्सलवर, अॅक्सलमधून साखळीच्या पेटीवर आणि तेथून चासिसच्या वेल्डपर्यंत पोचते. दिवसभरात असे शेकडो वेळा होते. मोटारगाडीच्या चासिसला असले आयुष्य ठाऊक नाही.

हातांचीही तीच गत. समजा, बकेट भरणे, उचलणे, ओतणे व परत येणे ही एक फेरी अर्ध्या मिनिटात होते. तासाला १२० फेऱ्या झाल्या. १,००० तासांत १,२०,००० आणि ५,००० तासांत सहा लक्ष. प्रत्येक फेरीत हातांच्या वेल्डवर ताण चढतो व उतरतो. धातूच्या थकव्याचा धडा आपण पुस्तकात शिकतो, तो येथे डोळ्यांपुढे उभा असतो. एकदाच दिलेल्या मोठ्या भाराने हात मोडला असे सहसा घडत नाही. लहान भाराने लाखो वेळा वाकवून तो तडकतो, आणि तडकतो तो वेल्डच्या काठाशी.

येथे विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. विक्रेता सांगतो, “आमचे पोलाद उच्च प्रतीचे, दुप्पट मजबूत.” ते खरेही असू शकते, झिजणाऱ्या भागांना, म्हणजे बकेटच्या धारेला, त्याचा लाभही आहे. परंतु वेल्ड केलेल्या सांध्याची थकव्याला तोंड देण्याची शक्ती मूळ पोलादाच्या ताणशक्तीवर फारशी अवलंबून नसते. ती सांध्याच्या आकारावर आणि वेल्डच्या सफाईवर अवलंबून असते. तसेच सर्व पोलादांची ताठरता जवळपास सारखीच असल्यामुळे, भारी पोलाद म्हणून पत्रा पातळ केला तर हात अधिक लवतो. तेव्हा पोलादाची प्रत विचारण्यापेक्षा खाली वाकून वेल्ड पाहणे अधिक उपयोगाचे.

काय पाहावे? हातांच्या मुळाशी जेथे जाड पट्टीला पातळ पत्रा मिळतो, तेथे वेल्ड कोपऱ्यावरच तोडला आहे की कोपऱ्याला वळसा घालून पुढे नेला आहे, ते पाहावे. तोडला असेल तर ती तडकण्याची जागा. वेल्डच्या काठालगत पत्रा खाल्ला जाऊन बारीक खाच पडली आहे का, हे अंगठ्याचे नख फिरवून कळते. डोळ्यांना रंगाखाली जे दिसत नाही ते नखाला लागते. वेल्ड संपविला तेथे खळगा राहिला आहे का? ग्राइंडर फिरवून व लांबी भरून वर रंग दिला आहे का? एका बाजूचा वेल्ड सुरेख व आतल्या, हात न पोचणाऱ्या बाजूचा ओबडधोबड असेल तर कारखान्याची शिस्त किती ते समजले. वेल्डिंगच्या वर्गात सहा महिने काढलेल्या मुलाला हे पाहता येते. त्याला बरोबर न्यावे. तो कंपनीच्या पुस्तकापेक्षा खरे सांगेल.

मात्र ही परीक्षा नव्या यंत्रावर अर्धीच होते. शोरूममधील यंत्र मांडवातल्या नवरदेवासारखे असते. त्याच मॉडेलचे दीड-दोन हजार तास चाललेले यंत्र कोणाकडे आहे ते शोधून काढावे आणि ते पाहावे. जेथे रंगाला केसासारखी रेघ गेली आहे आणि रेघेतून गंज पाझरला आहे, तेथे आत चीर आहे असे समजावे. एकाच जागी दोन वेगवेगळ्या मालकांच्या यंत्रांना अशी रेघ दिसली तर चालकाची चूक नव्हे, आराखड्याची. यावर डीलर कितीही चांगला असला तरी उपाय नाही.

उचलण्याच्या क्षमतेविषयी थोडे. पुढच्या चाकांपाशी टेकू धरला तर मागे इंजिनाचे वजन व पुढे बकेटचा भार अशी ही तराजूच आहे. ज्या भाराला मागची चाके उचलली जातात तो उलटण्याचा भार. चाकांच्या लोडरची अधिकृत क्षमता त्याच्या निम्मी धरतात, आणि पट्ट्यांच्या लोडरची बहुधा ३५ टक्के. दोन यंत्रांची पत्रके शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास घोटाळा होतो. तसेच काही यंत्रांचे हात एका खिळीभोवती वर्तुळाच्या कंसात उचलले जातात, काहींचे जवळजवळ सरळ वर जातात. पहिल्या प्रकारात बकेट मधल्या उंचीवर सर्वांत पुढे जाते, म्हणून खणणे व लोटणे याला तो बरा. ट्रकच्या फाळक्यावरून माल ओतावयाचा असेल तर दुसरा. खानापूरच्या जांभ्या मुरमात चाकांचा लोडर चालतो. बैलहोंगलकडील काळ्या रानात पहिल्या पावसानंतर तो रुततो, तेथे पट्ट्यांचा हवा, आणि पट्टे महाग.

पिन आणि बुश हा विषय वरवर क्षुद्र, पण पैसा तेथेच झिरपतो. हातांच्या व बकेटच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते व तिच्याभोवती बदलता येणारे बुश. चांगल्या बांधणीत पिन वरून कठीण केलेली, बुश स्वतंत्र, ग्रीस भरण्याचे निपल हात पोचेल तेथे, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून सील बसविलेले असते. स्वस्त बांधणीत पिन थेट पत्र्याच्या भोकात फिरते. भोक लांबट झाले की ते पुन्हा भरून बोअर करावे लागते. फौंड्रीच्या वाळूत हे फार लवकर होते, कारण ती सिलिकाची वाळू, म्हणजे पॉलिश पेपरचाच कच्चा माल. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, पहारीने सांधा हलवून पाहिल्यास खेळ किती आहे ते कळते.

तेलाचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. यंत्र चालविणारे पंप व मोटर यांच्या आतील पिस्टन आणि सिलिंडर यांत अवघ्या काही मायक्रॉनचे अंतर असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. अर्थात जो कण डोळ्यांना दिसत नाही तोच येथे घात करतो. म्हणून फिल्टर कोठे आहे, बदलणे सोपे आहे का, तेल ओतण्याच्या तोंडाला जाळी आहे का, हे पाहावे. होज पाइप कसे नेले आहेत ते तर जरूर पाहावे. दोन होज एकमेकांवर घासत असतील, किंवा पत्र्याच्या धारदार कडेवरून वळत असतील, तर काही महिन्यांत ते फुटणार. येथे एक सूचना देणे कर्तव्य आहे. २०० बारच्या दाबाने बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधताना हात कधीही फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. आणि तेल अंगात शिरले असे वाटले तर दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सर्व्हिससाठी आत हात पोचतो का, हाही बांधणीचाच भाग. काही यंत्रांत पिंजरा उचलून तिरका करता येतो व खालचे पंप उघडे पडतात. रेडिएटर व तेलाचा कूलर एकामागे एक दाटीने बसविले असतील आणि मधली धूळ काढता येत नसेल, तर बगॅसच्या आवारात ते यंत्र दुपारी बाराला तापून उभे राहील. इंजिनाविषयी लांबण लावीत नाही. अनेक लोडर कंपन्या इंजिन दुसऱ्या नामांकित कंपनीकडून घेतात, ती स्वतःच्या कामात निष्णात असतात. फक्त त्या इंजिनाची सर्व्हिस कोण करणार, लोडरचा डीलर की इंजिनाचा, एवढे विचारून ठेवावे. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. शिवाय एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकामयंत्रांना धुराचे कडक नियम लागू झाल्यावर बऱ्याच इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. पूर्वी गॅरेजमधील वस्ताद इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगे. आता बिघाडाचा आकडा पडद्यावर उमटतो आणि तो वाचणारा संगणक डीलरकडे असतो. त्यामुळे डीलरचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे, हे मान्य करावेच लागते.

तेव्हा यंत्राइतकीच डीलरचीही परीक्षा घेतली पाहिजे, आणि तीही प्रत्यक्ष जाऊन. शोरूमची काच व चहा यांवरून काही कळत नाही. डीलरच्या स्टोअरमध्ये जावे. बरोबर दहा भागांची यादी न्यावी : तेलाचे फिल्टर, हवेचा फिल्टर, पंखापट्टा, सिलिंडरचा सील सेट, चाकांची साखळी, हातांची पिन-बुश, स्टार्टर, बकेटचे दात, सीटखालचा सेन्सर, एखादा होज. प्रत्येकाची किंमत व तो आज कपाटात आहे का, नसल्यास किती दिवसांत येईल, हे कागदावर लिहून मागावे. जो स्टोअरकीपर पाच मिनिटांत कपाटे दाखवून लिहून देतो, त्याचा डीलर काम करणारा आहे. जो “सगळे मिळते हो, तुम्ही काळजी करू नका” असे म्हणतो, त्याची मात्र काळजी करावी.

पुढे विचारावे : या मॉडेलची किती यंत्रे १०० किलोमीटरच्या आत आहेत? मेकॅनिक किती, आणि एका मेकॅनिककडे किती यंत्रे? तो कोठे राहतो? बेळगावातून हुबळी सुमारे १०० किलोमीटर, कोल्हापूर ११०. तेथला मेकॅनिक सकाळी निघाला तर दुपारपर्यंत पोचेल. पुण्याहून यावयाचा असेल तर जवळपास साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे त्याचा एक दिवस प्रवासातच जातो आणि तो येण्यापूर्वी आणखी दोन-तीन तक्रारी गोळा होण्याची वाट पाहतो. डीलरने दिलेल्या ग्राहकांच्या यादीतील नावांना फोन करून उपयोग नाही, ती निवडलेली असतात. रस्त्यावर चालू असलेले यंत्र दिसले की थांबून ऑपरेटरला विचारावे. मालक स्वतःची निवड चुकली असे सहसा म्हणत नाही, ऑपरेटर म्हणतो.

भाषेचा प्रश्नही लहान समजू नये. हुबळीचा मेकॅनिक कन्नड बोलतो, मालक मराठी, ऑपरेटर पुष्कळदा झारखंड-बिहारकडचा, आणि यंत्राबरोबर आलेले पुस्तक इंग्रजी. दोष काय झाला हे तिघांच्या तीन भाषांतून जाताना अर्धे गळते. आपल्या महाविद्यालयातील मुलांना मराठी-कन्नड दोन्ही येतात. या धंद्यात ते कौशल्य फुकट गेलेले नाही.

आता खरा पेच. एक यंत्र उत्तम बांधणीचे पण डीलर दूर. दुसरे मध्यम बांधणीचे पण डीलर जवळ. काय घ्यावे? येथे थोडे गणित करू. दोन बिघाडांमधील चालण्याचे दिवस भागिले चालण्याचे व बंद राहण्याचे दिवस मिळून, याला उपलब्धता म्हणतात. समजा, पहिले यंत्र ६० दिवस चालल्यावर एकदा बिघडते व १० दिवस बंद राहते. उपलब्धता ६० भागिले ७०, म्हणजे सुमारे ८६ टक्के. दुसरे ३० दिवसांतच बिघडते, पण दोन दिवसांत सुरू होते. ३० भागिले ३२, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर पहिले सुमारे २५७ दिवस मिळते, दुसरे २८१. दुप्पट वेळा बिघडणारे यंत्र वर्षाला २४ दिवस जास्त काम देते! हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. ऊस गाळपाच्या हंगामातील दहा दिवस आणि पावसाळ्यातील दहा दिवस यांची किंमत सारखी नाही, हे सरासरीत दिसत नाही, तेही मनात धरावे.

पण या गणितात एक गोष्ट गृहीत धरली आहे : प्रत्येक बिघाड भाग बदलून बरा होणारा आहे. फिल्टर, सील, स्टार्टर, साखळी यांचे हे खरे. चासिस वाकला, हाताचे मूळ पुन:पुन्हा तडकू लागले, अॅक्सलची बैठक सैल झाली, तर जवळचा डीलर फक्त वरचेवर येऊन जाईल. म्हणून माझे मत असे की, आधी बांधणीतील असाध्य दोष शोधावेत. ते आढळले तर डीलर शेजारी राहत असला तरी ते यंत्र सोडावे. ते नसतील, तर उरलेल्या उन्नीस-बीस फरकात एकच यंत्र असलेल्या मालकाने डीलरला अधिक गुण द्यावेत. ज्या ठेकेदाराकडे पाच-सहा यंत्रे आहेत, स्वतःचा फिटर आहे, स्टोअर आहे, त्याने बांधणीला अधिक द्यावेत, कारण डीलरचे निम्मे काम तो घरीच करतो.

याबाबतीत बेळगावचे एक भाग्य आहे. हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने येथेच आहेत. होज तयार करून देणारे, सिलिंडरचा दांडा पुन्हा क्रोम करून देणारे, बोअर करणारे येथे मिळतात. बकेट व इतर जोडण्या बसविण्याच्या बैठकीचे माप तर आंतरराष्ट्रीय मानकाने ठरले असून बहुतेक कंपन्या ते पाळतात. त्यामुळे बकेट स्थानिक कारखान्यातही बनविता येते. पंपाच्या आतील भाग, नियंत्रणाचा संगणक, सेन्सर यांसाठी मात्र डीलरशिवाय गती नाही. जे आपल्या गावात होते आणि जे होत नाही, यांची विभागणी आधी करून मग डीलरचे अंतर मोजावे. हेच यंत्र जोयड्याच्या जंगलालगत घेणाऱ्याचा हिशेब निराळा होईल.

सेन्सरचा उल्लेख आला म्हणून थांबून सांगतो. चालकाने पुढचा दांडा खाली घेतल्याशिवाय व सीटवर बसल्याशिवाय हात हलू नयेत अशी योजना या यंत्रांत असते. हे उगीच नाही. बहुतेक छोट्या लोडरमध्ये चढ-उतार पुढून, बकेटवरून, त्या दोन हातांच्या मधून करावा लागतो. पिंजऱ्यातून डोके बाहेर काढले आणि त्याच क्षणी हात खाली आला तर माणूस वाचत नाही. एका कंपनीने तर एकच हात ठेवून बाजूने दार दिले, ते याच विचाराने. आता सीटखालचा सेन्सर बिघडतो, नवा पंधरा दिवस येत नाही, काम अडते, आणि कोणीतरी तारेचा तुकडा लावून सेन्सर ‘शॉर्ट’ करतो. यंत्र चालू होते. पंधरा दिवसांनी सेन्सर येतो तेव्हा तो बसविण्याची कोणालाच घाई नसते. डीलरच्या कपाटात एक लहानसा भाग नसणे आणि एका गरीब ऑपरेटरचा जीव यांच्यामध्ये इतकेच अंतर आहे. वरच्या यादीत तो सेन्सर मुद्दाम घातला आहे. तसेच हात उचललेले ठेवून खाली काम करावयाचे असेल तर कंपनीने दिलेला आधाराचा दांडा लावल्याखेरीज कोणीही खाली जाऊ नये. विटा व लाकडाचे ठोकळे यांना आधार म्हणत नाहीत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी कायद्याची बाजू. हमीपत्रात ‘अमुक महिने किंवा अमुक तास, जे आधी होईल ते’ असे असते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्राचे तास महिन्यांच्या कितीतरी आधी संपतात. फिल्टर, होज, टायर हमीत धरतात का, मेकॅनिकच्या येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, बाहेरचे तेल घातल्यास हमी जाते का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार त्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. एक लोडर घेऊन त्यावर पोट भरणाऱ्या तरुणाला ही वाट मोकळी आहे, सहा यंत्रांच्या कंपनीला बहुधा नाही. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मात्र तोंडी आश्वासनांवर तेथे काही चालत नाही. “चोवीस तासांत माणूस पाठवू” असे डीलर म्हणाला तर ते वाक्य त्याच्याच लेटरहेडवर, शिक्क्यासह मागून घ्यावे. द्यावयास तो कचरला, तर तेही उत्तरच आहे.

यंत्र ताब्यात घेण्याच्या दिवशी इंजिन तापेपर्यंत, निदान तासभर, ते भरल्या बकेटसह चालवावे. थंड तेलात झिजलेला पंपही ताठ असतो. सरळ चालविताना एका बाजूला ओढते का, भरलेली बकेट अर्ध्यावर धरून ठेवली तर आपोआप खाली येते का, हे दुरून पाहावे. तासांच्या मीटरचा आकडा, इंजिन व चासिस यांचे क्रमांक बिलावर आहेत त्याच्याशी ताडून घ्यावेत. भागांच्या क्रमांकांचे पुस्तक मागून घ्यावे, बहुतेक वेळा ते न मागता मिळत नाही. आणि ज्या ऑपरेटरच्या हाती यंत्र द्यावयाचे, त्याला त्या दिवशी बरोबर न्यावे. मेकॅनिक जे समजावून सांगतो ते मालकाला सांगून उपयोग नसतो. ग्रीसची गन दररोज सकाळी ज्याच्या हातात असणार, त्याने ते ऐकलेले बरे.